लिहून द्या

नांदेडच्या ठेकेदारांमध्ये माझं एक टोपणनाव आहे आणि ते मला ठाऊक नाही असा त्यांचा समज आहे. एकदा एकाच्या मोबाइलवर माझाच फोन वाजताना मी बघितला. पडद्यावर अक्षरं होती, ‘लिहून द्या’. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, एवढ्या वर्षांत यांच्या डोक्यात निदान एक गोष्ट तरी भरवता आली.

माझा धंदा स्विचगिअरचा. कारखान्यात, दवाखान्यात, मोठ्या इमारतीत वीज जिथे आत येते तिथे लोखंडी कपाटासारखं पॅनल असतं. त्यात ब्रेकर असतो, म्हणजे भलं मोठं बटण म्हणा, आणि त्या ब्रेकरवर पहारा करणारा रिले असतो. रिले म्हणजे काचेच्या झाकणाची काळी डबी. कुठे तार तुटली, कुठे करंट नको तिथून जमिनीत उतरायला लागला, की तिच्यातली चकती फिरते, दोन टिकल्या एकमेकींना टेकतात आणि ब्रेकर धाडकन उघडतो. वीज बंद, माणूस वाचला. हे सगळं जागच्या जागी आहे का ते तपासायचं आणि असेल तरच सही करायची, यावर माझं घर चाललं.

कामाला जाताना माझ्या बॅगेत टेस्टर असतो, मीटर असतो आणि कार्बन घातलेली एक डुप्लिकेट वही असते. मालक म्हणतो, ‘साहेब, हे सेटिंग जरा वाढवून टाका, सारखं ट्रिप होऊन राहिलंय.’ मी वही पुढे करतो. लिहून द्या. निम्मे जण तिथेच गार पडतात. तोंडी हुकूम मी घेत नाही आणि देतही नाही. ही सवय मला एका माणसाने लावली. त्याचं वाईट व्हावं ही इच्छा मी जितकी वर्षं सांभाळली, तितकी वर्षं अजून माझ्या लग्नालाही झालेली नाहीत.

भूकंप झाला तेव्हा मला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. देगलूरच्या शाळामास्तरांचा मुलगा, विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनियर झालेला, औशाकडच्या एका सबस्टेशनवर कनिष्ठ अभियंता. सबस्टेशन म्हणजे काटेरी तारेच्या कुंपणातलं आवार, दोन ट्रान्सफॉर्मर, एक कंट्रोल रूम आणि बाहेर लिंबाचं झाड. पहिल्या नोकरीत सगळे असतात तसाच मी होतो, साहेब काही म्हणाले की त्यांचं वाक्य संपायच्या आत मान डोलावणारा.

तिथे एक लाइनमन होता, देवणीकडचा. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा. कॉलेजात मला जे शिकवलं नाही ते याने शिकवलं. सुरुवातीला कुणी पळत येऊन ‘ठिणग्या पडून राहिल्यात’ म्हणालं की मी विचारायला लागायचो, कुठे, कशा, किती वेळ झाला. तो माझ्या अंगावर ओरडायचा, ‘साहेब, आधी बंद करा! मंग इचारा!’ पुढे पुढे माझा हात आपसूक आधी ब्रेकरकडे जायला लागला. तेव्हा तो म्हणाला, ‘आता झालाव तुमी विंजनेर.’ डिग्रीच्या कागदापेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटलं होतं.

भूकंपात कंट्रोल रूमची एक भिंत फाटली, पॅनल मात्र जागचं हललं नाही. आसपासची गावं मातीत गेली. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ज्यांची माणसं गेली त्यांनी लिहावं. माझं काम एवढंच होतं, की पत्र्याच्या शेडची जी वस्ती उभी राहत होती तिला वीज द्यायची. खांब मिळतील तसे रोवले, तारा मिळतील तशा ओढल्या, ताण कशालाच धड नाही. जरा वारा सुटला की तारा बाभळीला लागायच्या आणि रिले फीडर उडवायचा, म्हणजे वस्तीकडे जाणारी सगळी लाइनच बंद व्हायची. दिवसातून सातआठ वेळा. त्यात रिलेची काही चूक नव्हती, तो त्याचं काम करत होता.

चूक होती ती आमच्या डेप्युटीची, म्हणजे माझ्या वरच्या उपअभियंत्याची. एके दिवशी सकाळी तो जीपने आला. इस्त्रीचा सफारी, पायात मात्र पाहणीला निघाल्यासारखे गमबूट. म्हणाला, ‘उद्या मंत्री येऊन राहिलेत वस्तीवर. ते असताना लाइट गेली तर तुझी न् माझी धडगत नाही.’ मी म्हणालो, ‘साहेब, तारा ताणून घेतल्याशिवाय ट्रिपिंग थांबायचं नाही.’ त्याने खिशातून सिगरेटचं पाकीट काढलं, त्यातली शेवटची सिगरेट ओठात धरली आणि पाकिटाचं झाकण फाडून त्याची घडी केली. ‘हे घाल,’ म्हणाला, ‘टिकल्यांच्या मधी.’

टिकल्यांच्या मध्ये पुठ्ठा घातला की चकती कितीही फिरो, टिकल्या टेकत नाहीत. ब्रेकर उघडत नाही. तार जमिनीवर पडली तरी चालूच राहते. ही युक्ती खात्यात सगळ्यांना ठाऊक होती, आणि तिचं नाव कुणी मोठ्याने घेत नसे.

मी विचारलं, ‘लॉगबुकात काय लिहू?’

तो हसला. ‘लिहिण्यासारखं काय झालंय?’

मी काचेचं झाकण उघडलं आणि पुठ्ठा घातला. लॉगबुकात दर तासाला लिहीत गेलो, फीडर चालू, सर्व ठीक.

मंत्री आले आणि गेले. पुठ्ठा काढू का म्हणून मी विचारलं तर डेप्युटीचा निरोप आला, अजून एक जण येऊन राहिलेत, राहू दे. तिसऱ्या दिवशी दुपारी वस्तीजवळ तार तुटली आणि टँकरच्या वाटेवर पडली. लाइनमन तिथेच दुसऱ्या खांबावर काम करत होता. बाया रिकाम्या घागरी घेऊन त्याच वाटेने निघाल्या होत्या. सबस्टेशनला फोन करायला वस्तीत फोन नव्हता, सायकलने यायचं तर तास गेला असता. आणि त्याला त्याची गरजही वाटली नाही. तार पडली की फीडर उडतोच, हे त्याने उभ्या नोकरीत बघितलं होतं. आमच्याकडचे सगळे लाइनमन तसेच वागत. पडलेली तार हीच त्यांची परवानगी. त्याने बायांना मागे सारलं आणि तार बाजूला ओढायला दोन्ही हातांनी धरली.

तो वाचला. हात वाचले नाहीत. उजवा कोपरापासून गेला, डावा मनगटाच्या वरून.

लातूरच्या दवाखान्यात मी त्याला भेटायला गेलो. त्याने एकच विचारलं, ‘फीडर उडाला न्हाई का, साहेब?’ मी खाटेशी उभा राहून सगळं सांगितलं. डेप्युटी आला, पाकीट फाडलं, पुठ्ठा घालायला लावला. मी म्हणालो, ‘मी त्याच्याकडून हे वदवून घेईन. लेखी घेईन आणि तुमच्यापाशी आणून देईन.’ त्याने डोळे मिटले. झोपला की काय, मला कळलं नाही.

चौकशी झाली. तिघांची समिती, डेप्युटीच्याच कचेरीत, त्याच्याच पंख्याखाली. मी रिलेतून काढून ठेवलेला पुठ्ठा टेबलावर ठेवला. म्हणालो, ‘हा साहेबांच्या पाकिटाचा आहे.’ डेप्युटीने तो उचलला, उलटसुलट केला आणि शांतपणे म्हणाला, ‘हे पाकीट तर तूपण ओढतोस.’ समितीतले दोघं हसले. खोटं नव्हतंच ते. त्या भागात सगळे तीच सिगरेट ओढत. त्या दिवसानंतर मी सिगरेटला हात लावला नाही. तब्येतीसाठी वगैरे नाही, निव्वळ संतापाने.

निकाल असा लागला, की लाइनमनने परवानगी न घेता तारेला हात लावला, ही त्याची चूक. आणि कनिष्ठ अभियंत्याने रिले निकामी केला, ही माझी. लॉगबुकात माझंच अक्षर होतं, सर्व ठीक, सर्व ठीक. डेप्युटीने हात झटकले. माझी वेतनवाढ रोखली, बदली झाली, आणि वर्षभरात मी राजीनामा टाकून नांदेडला आलो. तो पुढे चढत गेला.

तेव्हापासून मी त्याच्यावर डूख धरला. शब्द नरम करून सांगण्यात काही अर्थ नाही. नांदेडला मी एका खोलीत सल्लागाराचा धंदा मांडला. जिनिंगच्या मोटारी, तेलगिरण्यांची जुनी पॅनल्स, शीतगृहं. उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहून ब्रेकर उघडायचे, टिकल्या घासायच्या, रिले तपासायचे, आणि प्रत्येक काचेचं झाकण उघडताना मला तो पुठ्ठा दिसायचा. डेप्युटीची बढती झाली की मला कळायचं. त्याची बातमी देणारे दोन जण मी खात्यात जपून ठेवले होते, त्यांना दिवाळीला मिठाईचा पुडा जायचा. तो निवृत्त झाला तेव्हा शाल पांघरलेला त्याचा फोटो पेपरात आला. तो पेपर मी जपून कंधारकडच्या एका गिरणीत नेला आणि ब्रेकरमधलं काळं तेल त्याच पानाने पुसलं. आधी तोंड, मग शाल. बायको म्हणायची, ‘तुम्ही त्या माणसाचा माझ्यापेक्षा जास्त विचार करता.’ तिचं बरोबर होतं.

मग लातूरला क्लासेसचं वारं शिरलं. बघता बघता गल्लीगल्लीत अभ्यासिका, मेस, मुलींची वसतिगृहं, आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे घराएवढे फोटो. नांदेडही मागे राहिलं नाही. जिथे दोन पंखे आणि चार ट्यूबलाइट होत्या तिथे मजल्यामजल्यावर एसी आले, आणि जुन्या वायरिंगवर हा सगळा बोजा. आमच्या धंद्याला बरकत आली. बापाने शेत विकून पोरगी लातूरला ठेवायची आणि मालकाने पॅनलवर मात्र हात आखडता घ्यायचा, हे मी इतक्या ठिकाणी बघितलं की त्यावर चिडायचंही मी सोडून दिलं.

एक दिवस एक ठेकेदार फाइल घेऊन आला. लातूरचा क्लास, त्याच इमारतीत मुलींचं वसतिगृह, नवी विंग, वाढीव वीजभार. सोमवारी नवी बॅच सुरू होणार होती. त्याआधी माझा तपासणी अहवाल हवा होता, नाहीतर भार मंजूर होणार नाही. मी पहिलं पान उलटलं. मालक म्हणून एका मुलाचं नाव होतं आणि त्याच्यापुढे बापाचं. डेप्युटीचं.

ठेकेदार म्हणाला, ‘साहेब, घाम आला तुम्हाला.’

मी म्हणालो, ‘उद्याच जाऊ.’

डेप्युटी त्या क्लासमध्ये ‘मोठे सर’ झाला होता. काचेच्या केबिनमध्ये बसला होता, मागे गुणवंतांचे फोटो, शेजारी मुलगा फोनवर बोलत. अंगात अजून सफारीच. मला वाटलं होतं तो ओळखणार नाही, आणि मग मी एकेक करून त्याला आठवण करून देईन. कितीतरी वर्षं मी ती वाक्यं मनात घोळवली होती. पण त्याने मला बघताच दोन्ही हात पसरले. ‘अरे ये, ये! हा माझ्या हाताखाली तयार झालेला बरं का,’ मुलाला म्हणाला. ‘पोरगं हुशार, पण जरा घाईचं. एक चूक झाली होती याच्या हातून. बडतर्फच करणार होते. मी मधी पडलो म्हणून वाचला.’

तो खोटं बोलत नव्हता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. इतक्या वर्षांत त्याने स्वतःला ते पटवून टाकलं होतं. मला त्याचा इतका तिरस्कार चौकशीच्या दिवशीही वाटला नव्हता. मी म्हणालो, ‘आधी पॅनल बघतो, सर.’

पॅनल रूम तळमजल्यावर, जिन्याला लागून. सोबत क्लासचा इलेक्ट्रिशियन होता, पन्नाशीचा, पान खाणारा, वेळेला शिपायाचंही काम करणारा. पॅनल नवं म्हणून दाखवलेलं, पण आत बघितलं तर कुठल्यातरी बंद गिरणीतलं जुनं, वरून राखाडी रंग मारलेलं. आणि मेन ब्रेकरवर माझ्या ओळखीची काळी डबी. मी बॅटरी लावली. टिकल्यांच्या मध्ये पुठ्ठा होता. क्लासच्याच गुळगुळीत कॅलेंडरचा तुकडा कापून घडी केलेला. त्यावर कुणा गुणवंत मुलीचे अर्धे दात दिसत होते.

‘हे कुणी घातलं?’

‘मीच. मोठ्या सरांनी सांगितलं. टेस्ट चालू असताना ट्रिप होऊन राहिलं व्हतं सारखं. पालक लई बोंब मारत्यात.’

‘आणि ट्रिप का होत होतं ते बघितलं?’

त्याने पान गालात सरकवलं. मग म्हणाला, ‘पोरी म्हणून राहिल्यात, जिन्यात हाताला मुंग्या येत्यात. मोठे सर म्हणले, लिहून लिहून येत असतील.’

मी जिन्यात गेलो. लोखंडी कठड्याला टेस्टर टेकवला. पेटला. मीटर लावला तर काटा वर गेला. नव्या विंगची केबल कठड्याच्या आधाराने वर नेली होती आणि एका पट्टीखाली तिचं कातडं घासून निघालं होतं. रिले तेच ओरडून सांगत होता आणि यांनी त्याचं तोंड बंद केलं होतं. जेवणाची सुट्टी झाली होती. मुली डबे घेऊन वरखाली करत होत्या, बहुतेकींच्या पायांत रबरी चपला होत्या, म्हणून निभावत होतं.

आता खरं लिहितो. मला आनंद झाला. असा आनंद मला मुलाच्या नोकरीचा झाला नाही, नांदेडच्या घराच्या वास्तुशांतीचा झाला नाही. तोच माणूस, तीच डबी, तोच पुठ्ठा, आणि या वेळी वही माझ्या हातात. मी इलेक्ट्रिशियनला म्हणालो, ‘इथं थांब. मुलींना कठड्याला हात लावू देऊ नकोस.’ तो ‘हाव’ म्हणाला. मी केबिनकडे निघालो.

डेप्युटीसमोर वही उघडून ठेवली आणि पेन दिलं. म्हणालो, ‘सर, लिहून द्या. या इमारतीच्या रिलेत पुठ्ठा माझ्या सांगण्यावरून घातला.’

‘एवढंच ना?’ त्याने लिहिलं. अक्षर अजून सुरेख होतं त्याचं.

‘आता दुसरं. भूकंपानंतर सबस्टेशनच्या रिलेतही पुठ्ठा मीच घालायला लावला होता आणि चौकशीत मी खोटं बोललो.’

त्याने पेन खाली ठेवलं. मुलाने फोन बंद केला. तेवढ्यात चहा आला. इलेक्ट्रिशियनच ट्रे घेऊन आला होता, मोठ्या सरांनी बेल वाजवली होती म्हणून. मी कप उचलला.

‘ते कशाला उकरून राहिलास?’ डेप्युटी म्हणाला. ‘झालं ते झालं. मी वाचवलं तुला.’

‘मला वाचवलं. त्याचे हात?’

‘त्याने परवानगी घेतली नव्हती.’

मग मी त्याला सगळं मोजून सांगितलं. हा पुठ्ठा, ती घासलेली केबल, कठड्यात उतरलेला करंट. मी एक फोन केला तर इमारतीला कुलूप लागेल आणि सोमवारी नांदेड, परभणी, बीडहून आलेले आईबाप पोरींच्या ट्रंका घेऊन रस्त्यावर उभे राहतील. मी सावकाश बोलत होतो. त्याच्या तोंडचं पाणी पळताना मला बघायचं होतं आणि ते मी डोळे भरून बघितलं. तो पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘अजून कुणाला सांगितलं नाहीस ना?’ मुली कशा आहेत असं नाही, अजून कुणाला सांगितलं नाहीस ना. मी मनात म्हणालो, हाच तो, तसूभरही बदललेला नाही.

बराच वेळ गेला. चहावर साय धरली. मुलगा म्हणाला, ‘पप्पा, लिहून टाका ना, कोण विचारतंय आता त्याला.’ शेवटी म्हाताऱ्याने पेन उचललं. या ओळीला त्याचं अक्षर वाकडं आलं. खाली सही केली आणि म्हणाला, ‘एवढ्यासाठी इतकी वर्षं?’

‘हाव सर,’ मी म्हणालो, ‘एवढ्यासाठीच.’

वही बॅगेत घातली, खाली गेलो आणि मेन ब्रेकर उघडला. इमारत अंधारी झाली, पंखे थांबले, वर पोरींचा गलका उठला. पुठ्ठा काढून खिशात ठेवला. अहवालात सगळं जसंच्या तसं लिहिलं, एक शब्द मऊ केला नाही. बॅच पुढे ढकलली गेली, केबल बदलली, पॅनल बदललं. म्हाताऱ्याचा मुलगा मला आजही शिव्या देत असेल. देऊ दे.

त्याच आठवड्यात मी देवणीकडे गेलो. लाइनमनचं घर गावाच्या कडेला, दारात गोठा, ओसरीवर तो बसलेला. केस पांढरे, धोतर-सदरा, सदऱ्याच्या दोन्ही बाह्या खाली शिवून टाकलेल्या. सुनेने पाणी आणलं. इतक्या वर्षांत मी दोनतीनदा गेलो होतो, दर वेळी रिकाम्या हाताने, आणि दर वेळी परतताना डेप्युटीला नव्याने शिव्या घातल्या होत्या. या वेळी मी वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याला पान धरता येईना, म्हणून सुनेने वाचून दाखवलं. दुसरी ओळ मी तिला पुन्हा वाचायला सांगितली.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. म्हणाला, ‘कसं लिवलं त्यानं?’

मग मी रंगवून सांगायला लागलो. कॅलेंडरचा पुठ्ठा, टेस्टरचा दिवा, म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा, साय धरलेला चहा. सून हसली. तो हसला नाही.

‘कठड्यात करंट व्हता म्हणता.’

‘होता ना.’

‘पोरी व्हत्या जिन्यात?’

‘जेवणाची सुट्टी होती. वरखाली चालूच होत्या.’

‘मंग बंद कधी केलं, साहेब?’

मी ‘लगेच’ म्हणायला तोंड उघडलं. तो माझ्याकडे बघत होता. सबस्टेशनवर पहिल्या महिन्यात बघायचा तसाच.

‘ह्ये लिवून घ्यायच्या आधी, का मागनं?’

पॅनल रूममध्ये ब्रेकरचा दांडा माझ्या हातापासून वीतभर लांब होता. ते मला त्या ओसरीवर दिसलं, तोवर दिसलंच नव्हतं. त्या इलेक्ट्रिशियनला मी तोंडी सांगून गेलो होतो आणि तोच चहा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, तरी जिन्यात कोण थांबलंय हे माझ्या मनात आलं नाही.

‘मागनं,’ मी म्हणालो.

तो गोठ्याकडे बघत बसला. मग सुनेला म्हणाला, ‘साहेबास्नी च्या ठिव.’ आणि वहीकडे मान करून, ‘ह्ये न्या तुमचं. मला काय करायचंय.’

चहा घेऊन मी निघालो. डेप्युटीला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, तेवढं कुणी माझ्याकडून मागू नये. पण उदगीरच्या स्टँडवर बसची वाट बघताना मी वही काढली, आणि त्याच पानावर, त्याच्या सहीच्या खाली, लिहिलं: तेव्हाचा पुठ्ठा मी घातला. आताचा कठडा मी चालू ठेवला. खाली सही केली. हे मला कुणी लिहून द्यायला सांगितलेलं नव्हतं.